पूजेआधीची गोळी

सासूबाईंच्या तिसऱ्या केमोनंतर मी घरात कॉफीवर बंदी घातली. तंजावरहून चेन्नईत आलेल्या मराठी घरात कॉफी बंद करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. पण मी केली. पहिल्या दोन केमोंनंतर त्यांना मळमळायचं, पण उलटी क्वचितच व्हायची. तिसऱ्यानंतर मात्र फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा काळा अर्क, गळायला लागलं की त्या पदराने नाक दाबून गॅलरीत जायच्या. मी फिल्टर धुऊन माळ्यावर टाकला. नवरा बिचारा खाली कोपऱ्यावर कॉफी पिऊन यायचा आणि येताना तोंडात बडीशेप टाकायचा.

मी मूळची कोल्हापूरची. इथे चेन्नईत गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात कुठल्या मशीनवर कुठलं काम कधी चढवायचं, याचं वेळापत्रक लावते. मला स्वस्थ बसता येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंचा आजार कळला त्या दिवशी घरातले सगळे गप्प बसले होते आणि मी फ्रिजवर लावायचा तक्ता आखत होते. पाच वाजता मळमळीची गोळी, अर्ध्या तासाने मऊ इडली, दर दोन तासांनी थोडं काहीतरी खाणं, मिठासोड्याच्या पाण्याच्या चुळा, ताप पाहणे. प्रत्येक ओळीपुढे चौकोन. गोळी घेतली की त्यांनी बरोबरची खूण करायची.

त्या खुणा करत होत्या. एकही चौकोन रिकामा नसायचा. तरी तिसऱ्यानंतर रोज उलट्या. मी ऑफिसात बसून तासातासाला फोन करायचे. "अम्मा, राहिलं का पोटात?" पलीकडून "नाही गे" एवढंच.

मी चवताळल्यासारखी उपाय करत सुटले. फोडणी बंद, हिंग बंद, उदबत्ती बंद. गरम अन्नाला वास येतो म्हणून सगळं गार वाढायचं. स्टीलच्या चमच्याने तोंड कडवट होतं म्हणून प्लास्टिकचे चमचे आणले. आलं किसून चाखवलं, लिंबाची साल हुंगायला दिली, बर्फाचे खडे चघळायला लावले. तोंडात फोड आले तेव्हा लहान मुलांचा मऊ ब्रश आणला. दहीभात तेवढा दोन घास जायचा. मेट्रोतून येता-जाता मी मोबाइलवर नवे उपाय शोधायचे आणि माझं स्टेशन चुकायचं. एकदा तर दोन स्टेशनं पुढे जाऊन परत आले.

चौथ्या केमोआधीच्या तपासणीला वजन सेहेचाळीस भरलं. सुरुवातीला एक्कावन्न होतं. डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "एक आठवडा थांबू. असंच उतरत राहिलं तर डोस कमी करावा लागेल, नाहीतर मधेच थांबवावं लागेल." शेवटचे शब्द ऐकून मी तिथेच मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. सासूबाई मात्र एकदम मोकळ्या झाल्यासारख्या दिसल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पोदुम. तीन जालं ते पुष्कळ जालं." पोदुम म्हणजे पुरे. त्या चिडल्या किंवा कंटाळल्या की तमिळमध्ये जातात.

"सहा घ्यायचेत," मी म्हटलं.

"घेणारी मी की तूं?"

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. गप्प बस, असं त्याचं म्हणणं होतं. मी खिडकीच्या काचेवर बोटं वाजवत राहिले.

मिळालेला आठवडा वाया घालवायचा नाही म्हणून मी सुट्टी टाकली. एरवी मी इडली झाकून ठेवून पावणेसातलाच घर सोडते, त्यामुळे त्यांची सकाळ मी कधी पुरती पाहिलेलीच नव्हती. पहिल्याच दिवशी पाहिली. पाचला उठल्या. सावकाश अंघोळ, मग देवघर. सहा वाजले, सात वाजले. मी इडली घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. आठला राहवेना म्हणून देवघरात डोकावले. समईशेजारी, तीर्थाच्या भांड्याला टेकून एक छोटी चांदीची वाटी होती आणि तिच्यात पाचची गोळी.

"अम्मा, ही इथे काय करतेय?"

"पूजा जाल्यावर तीर्थाबरोबर घेते की. रोज तसंच घेते."

"रोज? पहिल्यापासून?"

"पहिलं कापीबरोबर घेत होते. आतां कापी कुठं आहे?"

या घरात पूजेआधी तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. फक्त कॉफी चालते. का चालते ते मी लग्न झाल्यावर एकदा विचारलं होतं, तेव्हा "कापी म्हणजे खाणं नव्हे" असं उत्तर मिळालं होतं. त्या एका सवलतीतून पाचची गोळी आत जात होती, आणि ती सवलत मीच माळ्यावर टाकली होती. आता पाचपासून साडेआठपर्यंत पोट रिकामं, मग गोळी, आणि भूक लागली म्हणून तिच्यावर लगेच इडली. दहा मिनिटांत दोन्ही बाहेर. गोळी उलटी येण्याआधी घ्यायची असते हे नर्सने चार वेळा सांगितलं होतं, मी तक्त्यावर लाल शाईने लिहिलंही होतं. गोळी रोज पोटात जात होती, त्यामुळे त्यांची खूण खोटीही नव्हती.

लाज वाटली, आणि मला लाज वाटली की राग येतो. "उद्यापासून पाचला पाण्याबरोबर घ्यायची. देव काही म्हणणार नाही," मी म्हटलं.

"देवाचं तूं सांगू नको."

"कॉफी चालते आणि घोटभर पाणी चालत नाही? उपाशी पोटी ओकत बसलेली माणसं आवडतात का तुमच्या देवाला?"

हे मी ओरडून बोलले. बहात्तर वर्षांच्या, डोक्यावर केस न उरलेल्या बाईवर. त्यांनी हातातलं फूल ताम्हनात ठेवलं आणि त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी गॅलरीत जाऊन रडले. रडतानाही कपडे काढून घड्या घालत होते.

दुपारी दहीभात पुढे ठेवला तेव्हा त्याच म्हणाल्या, "पूजा मीच करणं असं काही नाही. घरांतल्या कोणी केली तरी नेम राहतो."

मी देवाधर्माच्या वाटेला फारशी जात नाही. तरी दुसऱ्या दिवशी साडेचारला उठून अंघोळ केली आणि पाचला देवघरात बसले. त्या दाराशी खुर्चीत. त्यांना अडीच तास लागायचे, मी बारा मिनिटांत उरकलं.

"हे काय, पूजा की ऑफिसची सही?" त्या म्हणाल्या. पण हात पुढे केला. तीर्थ दिलं, गोळी दिली. पावणेसहाला अर्धी इडली खाल्ली आणि ती राहिली. सकाळभर मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, तर म्हणाल्या, "बघूं नको गे, बघितलं की मळमळतं."

मळमळ गेली असं नाही. चव अजून कडूच होती, बोटं बधिर होती, त्या गोळ्यांनी पोट जड व्हायचं ते वेगळंच. पण आठवड्यात उलटी एकदाच झाली. वजन सत्तेचाळीसला आलं. डॉक्टरबाईंनी चौथा द्यायला हरकत नाही म्हटलं, आणि मी सासूबाईंकडे न बघता त्यांच्या सँडलचे पट्टे लावत बसले, कारण पुन्हा पोदुम म्हणाल्या असत्या तर मला सहन झालं नसतं. त्या उठून आत चालायला लागल्या.

चौथ्यानंतरच्या पाचव्या दिवशी सकाळी त्यांना खुर्चीपर्यंतही येववेना. पलंगावरूनच उघड्या दारातून बघत होत्या. मी आता वीस मिनिटं घेते. देव पुसले, गंध लावलं, तीर्थ आणि गोळी घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"हे तुझ्याकडंच राहूं दे आतां," देवघराकडे बघत त्या म्हणाल्या.

गोळ्यांबद्दल बोलत नव्हत्या, ते मला कळलं. थोडं तीर्थ चादरीवर सांडलं.

"सहाही केमो होईपर्यंत," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मग तुमचे देव तुम्ही सांभाळायचे. मला ऑफिस आहे."

त्यांनी तळहात पुढे केला. मी गोळी ठेवली. त्यांनी ती गिळली, तीर्थ प्याल्या, रिकामं भांडं माझ्या हातात दिलं. हो म्हणाल्या नाहीत.