आंधळ्या घोड्याची डिस्क

आमचे भावोजी टपाल खात्यात पत्रं लावायचे. उभ्या नोकरीत आपल्या हातून एक पाकीट चुकीच्या खणात गेलं नाही, असं ते स्वतःच सांगतात, आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत. घरी मात्र या माणसानं सिनेमाच्या डिस्कचा असा काही पसारा मांडला होता की विचारू नका. पलंगाखाली डिस्क, माळ्यावर डिस्क, कपडे धुण्याच्या मशीनवरही डिस्क. एकच सिनेमा पुन्हा पुन्हा विकत आणायचे, कारण तो आपल्याकडे आहे हे घरी आल्यावर कळायचं.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, हे सगळं निमूट सोसत होती. पण एके दिवशी कुकर काढायला तिनं कपाट उघडलं आणि डिस्कच्या डब्यांचा ढीग थेट तिच्या पायाच्या अंगठ्यावर कोसळला. अंगठा टम्म सुजला.

"अहो, आता बास," ती म्हणाली. "पुढल्या रविवारी मी एक सिनेमा मागेन. चहाला उकळी येईपर्यंत तो माझ्या हातात पडला पाहिजे. नाही पडला तर सगळं कोपऱ्यावरच्या वाचनालयाला. ग्रंथपाल न्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय."

पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मला कोणी विचारलंही नाही.

भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्त झाल्यापासून या माणसाला दुसरा नाद नाही. जेवणं आटोपली की दोघं सोफ्यावर शेजारी बसतात, भावोजी सिनेमा लावतात आणि ताई विणकाम काढते. हे सुख गेलं तर ते नुसते भिंतीकडे बघत बसतील, याची मलाही धास्ती वाटली.

म्हणून त्यांनी यादी करायचं सॉफ्टवेअर शोधायला घेतलं. पहिलं सापडलं ते भलतंच चौकस. दिग्दर्शक कोण, कपडे कोणी शिवले, डिस्कवर ओरखडे किती, सगळं विचारायचं. भावोजी सकाळभर एकाच सिनेमाचे रकाने भरत बसले. "अहो, सिनेमा बघायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही," मी म्हणालो. दुसरं सॉफ्टवेअर शंभर सिनेमांपर्यंत गोड वागलं आणि मग हटून बसलं. शंभर तर नुसते पलंगाखाली निघाले होते.

तिसरं मात्र हिरा निघालं. डब्यावरचा बारकोड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा, की टिंग! नाव, चित्र, नटनट्या, सगळं हजर. आपण फक्त कपाट आणि कप्पा लिहायचा. मी डबा धरायचो, भावोजी टिंग करायचे. आठवडाभर घरात दुसरा आवाज नव्हता. शेजारच्या काकू तर दारात येऊन विचारून गेल्या, "घरात कोणाला दवाखान्यातलं मशीन लावलंय का हो?" शनिवारी शेवटचा डबा कप्प्यात गेला, तेव्हा भावोजींचे पाय जमिनीला लागत नव्हते.

रविवारी ताईनं चहाचं आधण ठेवलं. "तो आंधळ्या घोड्याचा द्या."

सिनेमाचं खरं नाव वेगळंच होतं, पण घरात त्याला हेच म्हणतात. भावोजींनी नाव टाकलं, कप्पा गाठला, डबा आणला आणि ऐटीत उघडला. आत बोगद्यातल्या दरोड्याची डिस्क.

त्यांनी शेजारचा डबा उघडला, त्यात तिसरंच काहीतरी. मी पंचगिरी सोडून धावलो आणि दिसेल तो डबा उघडत सुटलो. एकातही त्याची स्वतःची डिस्क नव्हती. मग उलगडा झाला. भावोजी रोज नव्या सिनेमाचा डबा उघडायचे, ती डिस्क टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालायचे आणि प्लेअरमधली कालची डिस्क त्याच रिकाम्या डब्यात टाकायचे. जुना डबा कुठं शोधत बसायचा! त्यामुळे प्रत्येक डब्यात आदल्या दिवशीचा सिनेमा. आठवडाभर आम्ही नुसत्या डब्यांची वरात काढली होती, आत कोणी डोकावलंच नव्हतं.

माझं डोकं सणकलं. "भावोजी, जन्मभर पाकिटावरचा पत्ता वाचलात, आत काय आहे ते बघायची सवयच नाही तुम्हाला!"

भावोजी रिकाम्या खुर्चीवर टेकले आणि हळूच म्हणाले, "ग्रंथपालांना सांगा, घेऊन जा म्हणावं." त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

ताई स्वयंपाकघरातून लंगडत बाहेर आली. कपाटांकडे बघत म्हणाली, "घोड्याचा बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची दाढ काढली. गाल हा एवढा सुजलेला, आणि तरी तुम्ही दोन न्हाव्यांचा लावलात. गाल धरून हसत होतात." तिनं दोन न्हाव्यांचा डबा शोधून उघडला. आत आंधळा घोडा.

भावोजी बघतच राहिले. "अगं, पण तू तर विणत असतेस. सिनेमा कधी बघतेस?"

"सिनेमा कोण मेलं बघतंय," ताई म्हणाली. "तुम्ही कुठं हसता, कुठं गुपचूप डोळे पुसता, ते बघत असते मी."

मग डिस्क हातात धरून ती माझ्याकडे वळली. "काय रे पंच, आली का चहाला उकळी?"

मी आत जाऊन बघितलं. भांडं शेगडीवरच होतं. गॅस बंद होता.

"नाही आली," मी बाहेर येऊन सांगितलं.