'जातो' म्हटलं की सुरू न होणारी गाडी

मंडळी, रोज अमरावती-दर्यापूर करायचं म्हणून मायलेज देणारी, बिनकटकटीची गाडी शोधत होतो. पण ओव्हरटेक करताना रडणारी गाडी मले चालत नाही. चालवायची मजा पाहिजेच.

आज दुपारी अकोल्यात तशी सापडली. एका काकूंच्या दारात उभी असलेली जुनी हॅचबॅक. मूर्तिजापूर रोडवर चक्कर मारली. पिकअप असा, की मी एकटाच हसून राहिलो होतो. व्यवहार तिथंच ठरला.

"बरं काकू, जातो," म्हणून चावी फिरवली. गाडी ढिम्म. लाइट लागत होते, हॉर्न वाजत होता, इंजिन मात्र गप्प.

काकू दारातूनच शांतपणे म्हणाल्या, "येतो म्हना भाऊ. जातो म्हटलं का ते चालू नाही होत."

मी गंमत म्हणून "येतो" म्हणालो. पहिल्याच चावीत गाडी सुरू.

काकू जवळ आल्या, टपावरून हात फिरवला. "आमचे हे बी येतोच म्हनून गेलते. वापस फक्त गाडी आली."

आता ती माझ्या दारात उभी आहे. सकाळी कामावर निघायचं आहे. तुमीच सांगा, बायकोले काय म्हणून निघू?