तुर्सून मामाचं नाक

हात साबणाने नाही, राखेने धुवायचे. पहिलं दव गोठलं की कांदा, लसूण, गंदन्याची उग्र पात बंद. चरसाची चाळणी संपेपर्यंत घरात फोडणीसुद्धा नाही. हुंगताना आधी डावी नाकपुडी, मग उजवी, आणि मधे थोडा वेळ खिडकीबाहेर बघणं. चिलमीला मात्र तुर्सून मामाने जन्मात तोंड लावलं नव्हतं. "हलवायाने मिठाई खाऊ नये," म्हणायचा.

थंडी कडक झाली की बल्खकडच्या त्या गावात भांगेची वाळलेली रोपं रेशमी कापडावर झोडून चाळतात. खाली पडलेली भुकटी घराघरांतून मामाकडे यायची. तळहातावर मळून, ऊब देऊन तो हुंगायचा. "देवदार. ओली माती. खाली थोडं बोकडाचं कातडं. एक झुरका, आणि माणूस उठायचं विसरेल." कुणाचा माल पहिला, कुणाचा शेवटचा, हे त्याच्या शब्दावर ठरायचं.

त्या वर्षी शरदातल्या तापात नाक गेलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. रंग बघून, बोटांनी चाचपून, आणणाऱ्याच्या चेहऱ्याचा अंदाज घेऊन तो वेळ मारून नेत होता.

इदरीस मजार शहरात साहित्य शिकून गावी परतलेला. रोज मामाकडे शेकायला बसायचा. एकदा त्याने घरून बोलान्या, भाजी भरलेल्या पोळ्या, नेल्या. आत गंदना ठासून भरलेला, हे त्याला तिथे गेल्यावर कळलं. तो काही बोलायच्या आत मामाने तीन संपवल्या.

"आईला सांग, पालक झकास झालाय."

इदरीसला गंमत वाटली. चहाच्या दुकानात त्याने ती सांगितली, चार माणसं हसावीत म्हणून. हसलीही. मामाकडे माल आणणारा हाजी सत्तार तेवढा हसला नाही.

"चाळणीच्या दिवसांत गंदना?" एवढंच म्हणाला.

शुक्रवारी नमाजानंतर त्याच दुकानात सत्तारने सगळ्यांसमोर मामाच्या हातावर एक काळा, कोमट गोळा ठेवला. "माझी पहिली चाळणी. बघ रे तुर्सून."

डावी नाकपुडी. खिडकी. उजवी.

"वा, हाजी! देवदार. ओली माती. खाली बोकड."

"बोकड आहेच. त्याचीच लेंडी आहे, चरबीत मळलेली."

दुकान हसून लोळलं. "मामा, एक झुरका घ्या, उठायचं विसराल!" मागून कुणीतरी ओरडलं. मामाही हसला, जरा उशिरा. गोळा खाली टाकायचं त्याला सुचत नव्हतं.

"नाक गेलं तर छाती आहे ना?" सत्तार म्हणाला. "सहा घरांच्या सहा पुड्या ने. ओढून क्रम लाव. उद्या दुपारच्या चहापर्यंत. नाही जमलं तर यापुढे माझा मुलगा रशीद हुंगेल."

"लावतो."

निघताना मामाने इदरीसच्या खांद्यावर हात ठेवला. "पालक नव्हता ना रे तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इदरीस गेला तेव्हा मामा संदलीत बसला होता. बुटक्या मेजाखाली निखारे, वरून लोकरीची गोधडी, गोधडीत पाय. दोन पुड्या ओढून झाल्या होत्या. मान सैल पडली होती, पापण्या जड.

"गुडघा दुखतोय हे कळतंय," तो सावकाश म्हणाला, "पण दुसऱ्या कुणाचा तरी वाटतोय."

"मी बसू का, मामा?"

"नको. म्हणतील, इदरीसने सांगितलं."

इदरीस निघून गेला.

गोधडीचं टोक कधी निखाऱ्यांत घसरलं, कोण सांगणार. लोकर पेटत नाही, धुमसते. वास गल्लीभर गेला. चहाच्या दुकानात तो आधी सत्तारला आला. "कुणाची तरी लोकर जळतेय," तो म्हणाला, आणि पेला संपवूनच उठला.

दार तोडलं तेव्हा मामा उशीवर मान टाकून पडला होता, झोपल्यासारखा. अंगावर साधा चटकासुद्धा नव्हता. धुराने मेला.

मेजावर सहा पुड्या होत्या. चार पुड्यांवर क्रमाचे खडे मांडलेले: एकीवर एक, एकीवर दोन, एकीवर तीन, एकीवर चार. सत्तारच्या पुडीवर एकच होता. पाचवी उघडी, अर्धी मळलेली, तिच्यावर अंगठ्याचा ठसा. सहावी इदरीसच्या घरची. तिची गाठ सोडायची राहिली होती.