चोरलेलं पान

...आणि त्या धर्मगुरूंच्या स्वयंपाकिणीनं पान लपवलं कुठं असेल? अंबाड्यात! आठ दिवस बाईनं डोक्याला पाणी लावलं नाही. शेवटी अंबाडा सोडला, तर पानाला दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटलेली. आता यात खरं किती आणि वरचं तिखटमीठ किती, ते ती स्वयंपाकीण जाणे; पण आमच्या सान बार्तोलो गावात ही गोष्ट ऐकून कुणी 'छे' म्हणत नाही. शिंपलीचं पान मागून आणलं तर कुजतं आणि चोरून आणलं तर लागतं, हे या डोंगराच्या उतारावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

शिंपली म्हणजे जाड, मांसल पानांचं बिनपाण्याचं कमळच. खडकाच्या फटीत येतं आणि जपलं तर तव्याएवढं होतं. द्राक्षावर असते तशी पांढुरकी भुकटी पानांवर असते. सावलीत ठेवलं तर नुसतं हिरवं, पण हिवाळ्याचं कोरडं ऊन आणि रात्रीचा कडाका सोसला की कडा डाळिंबी होतात आणि गाभा जांभळा पडतो. घरोघरी कुंपणाच्या भिंतीवर जुन्या डब्यांतून ही झाडं बसलेली असतात.

चोरीलाही आमच्याकडं रीत आहे. ती भर दिवसा करायची, आणि घरात बाई असतानाच करायची. मीठ मागायच्या निमित्तानं जायचं, निघताना एक पान हळूच मोडून शालीत टाकायचं. आतल्या बाईनं पाहून न पाहिल्यासारखं करायचं आणि चोरटी फाटकापाशी पोचली की काठी घेऊन बाहेर धावायचं. "हात झडो तुझा, सटवे! परत ये, तंगडी मोडते!" एवढा प्रसाद मिळाल्याशिवाय पान मूळ धरत नाही.

ओरडण्यात दोन्या कुकाचा (दोन्या म्हणजे आमच्याकडं 'बाई') हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. तिचा आवाज चर्चच्या घंटेपर्यंत जायचा. आणि चोरण्यात पटाईत होती तोमासा क्वापियो. दोघी एकमेकींची झाडं चोरत म्हाताऱ्या झाल्या. तोमासाचा मुलगा नाबोर तीन आठवड्यांचा असताना कुकानंच त्याला चर्चमध्ये मांडीवर घेऊन डोक्यावर पाणी घालून घेतलं होतं. तेव्हापासून कुका त्याची धर्मआई, आणि या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्याकडं सख्ख्या बहिणीहून हे नातं घट्ट.

नाबोर विहिरी खणायचा. एका वर्षी आईच्या नावाच्या संताच्या सणाला तो दोर बांधून घळीत उतरला आणि कड्यावरची एक शिंपली टोपीत घालून घेऊन आला. तसला रंग गावात कुणाकडं नव्हता. चरबीच्या रिकाम्या डब्यात लावताना त्यानं ती दाबून बसवली आणि एका पानावर त्याचा अंगठा उमटला. कुदळीनं चपटा झालेला, रुंद अंगठा. भुकटी पुसली गेली आणि रेघ न् रेघ दिसायला लागली.

"मेल्या, डाग पाडलास! ही भुकटी पुन्हा येत नसते. आता पान गळेस्तोवर राहील तो."

"राहू दे की, आई. कुका धर्मआईनं चोरली, तर पोलिसांना ठसा दाखव. म्हणावं, माल माझ्या पोराचा आहे."

तोमासा हसून हसून खाली बसली होती.

पुढच्याच मार्चमध्ये शेजारच्या गावात विहिरीची कड ढासळली. नाबोर खाली होता.

त्यानंतर तोमासाच्या घरातून आवाज असा येईना. कोंबड्यांनासुद्धा ती हातानं हाकलायची, तोंडानं नाही. रोज सकाळी भिंतीपाशी उभी राहून त्या एका पानाकडं बघायची, बस्स. दीड महिन्यानं एका रविवारी, प्रार्थना सुटून लोक रस्त्यानं परतत होते, तेव्हा कुका घेवड्याचं भांडं घेऊन आली. भांडं चुलीपाशी ठेवलं, दोन शब्द बोलली आणि निघताना भिंतीवरच्या शिंपलीचं एक पान मोडलं. ठशाचं नव्हे, दुसऱ्या बाजूचं. मग रीतीप्रमाणं ती हळूहळू फाटकाकडं चालत गेली, मागून ओरडा ऐकायला.

तोमासा बाहेर आली. हातात काठी नव्हती.

"तुझा जिवंत आहे," ती सगळ्या रस्त्यादेखत म्हणाली. "तुझा मुलगा घरात जेवतोय. माझा मेलेला तरी माझा मला राहू दे, चोरटे!"

हसायला उघडलेलं कुकाचं तोंड तसंच राहिलं. मूठ मिटलेली, मुठीत पान. ज्या बाईच्या आवाजानं घंटा लाजायची ती एक शब्द न बोलता निघून गेली, आणि घेवड्याचं भांडंही परत न्यायला आली नाही.

तोमासानं डबा उचलून आत नेला. नाबोरच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला आणि दाराला कडी घातली.

शिंपलीचा स्वभाव असा, की वर नवी पानं येतात आणि खालची सुकून गळतात. ठशाचं पान आधी दुसऱ्या फेरात होतं. पावसाळा सरता सरता ते सगळ्यांत खाली आलं आणि त्याचं टोक सुरकुतलं. तोमासानं सकाळी एक चमचा पाणी घातलं. पान जरा फुगल्यासारखं वाटलं, म्हणून संध्याकाळी आणखी एक. 'शिंपलीला पाणी विसरून द्यावं,' असं अख्ख्या गावाला शिकवणारी बाई ती! आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? कळत होतं. पण तो अंगठा सुकताना बघवत नव्हता.

झाडाचा रंग उतरला, डाळिंबी कड गेली, मान खिडकीकडं लांबत गेली. एक दिवस ठशाचं पान काचेसारखं पारदर्शक झालं आणि नुसता शालीचा पदर लागल्यानं तिच्या तळहातावर पडलं. त्याचं पाणी झालं. पंधरा दिवसांत बुंधा काळा पडला. वरची पानं तिनं मातीवर पसरून पाहिली. पाणी पिऊन तट्ट झालेली ती, एकानंही मूळ धरलं नाही. नुसत्या मातीनं भरलेला डबा मात्र फळीवरच राहिला.

घळीत उतरायला आता घरात कुणी नव्हतं. गावात त्या शिंपलीचं दुसरं पान कुणाकडं गेलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण ती कुकाच्या घरावरून जाईचना. चर्चला जायलासुद्धा ओढ्याकडून वळसा घालायची, आणि 'गुडघे दुखतात, सपाट वाट बरी,' म्हणायची. ओढ्याची वाट काय सपाट आहे! दोनदा पडली तिथं.

दुसऱ्या हिवाळ्यात कुकाच्या छातीत कफ साचला आणि आठवड्याच्या आत ती गेली. घंटा वाजली तेव्हा तोमासा मका निवडत होती. ती निवडतच राहिली. पुरायलाही गेली नाही. नवव्या दिवशी मात्र, मयताच्या घरी जमिनीवर काढलेला चुन्याचा क्रूस उचलतात त्या दिवशी, तिनं टोपलीभर मक्याच्या पिठाचे तामाल उकडले, मेणबत्ती घेतली आणि सरळ रस्त्यानं निघाली.

कुकाच्या फाटकाशी तिचे पाय थांबले. भिंतीवर, अगदी हाताशी येईल अशी, मिरच्यांच्या डब्यात शिंपली बसली होती. तव्याएवढी. कडा डाळिंबी, गाभा जांभळा, उन्हात नुसती पेटलेली. टोपली खाली ठेवून तोमासानं तिचं एकेक पान वाकून पाहिलं. भुकटी सगळीकडं कोरी होती. एकाही पानावर कुणाचं बोट उमटलेलं नव्हतं.

"आज वाट कशी चुकलात, दोन्या तोमासा?" आत जाता जाता एक म्हातारी टोमणा मारून गेली.

तेवढ्यात कुकाची सून एल्विरा हात पुसत बाहेर आली. तिनं टोपली उचलली नाही, तोमासाजवळ उभी राहिली.

"हात नाही लावू दिला त्यांनी कुणाला. रोज सकाळी इथं ठेवायच्या आणि दाराआड काठी घेऊन बसायच्या. मी म्हणायची, सासूबाई, आत ठेवा की, कुणी नेईल. तर म्हणायच्या, 'नेणारी यायचीय अजून. मला तिच्यावर ओरडायचंय.'"

तोमासानं मान वळवून दाराकडं पाहिलं.

"त्या दिवशीसुद्धा, पान आणलं तेव्हा, घरी येऊन रडत होत्या. म्हणाल्या, 'माझी कोमाद्रे दीड महिन्यात ओरडली नाही. मला वाटलं, चोरी केली तर ओरडेल, जरा मोकळी होईल. आणि माझ्या नाबोरचं एक पान माझ्याकडंही राहील.' शेवटी ताप होता, तरी खुर्ची दाराशीच ठेवायला लावली. पाऊल वाजलं की म्हणायच्या, 'बघ गं, ती आली का?'"

आत प्रार्थना सुरू झाली होती. चुना गोळा करायचं ताट घेऊन बायका उठत होत्या.

"न्या तुम्ही," एल्विरा म्हणाली. "अख्खा डबा न्या. तुमचंच आहे ते."

तोमासानं मान हलवली.

"दिलेलं लागत नाही म्हणून? बरं, मग मी आत जाते. पाठ करून उभी राहते. तुम्ही एक पान मोडा आणि फाटकाकडं चालायला लागा. मी काठी घेऊन येते मागून. त्यांची काठी दाराआडच आहे अजून. ओरडते मी, हवं तेवढं ओरडते! तेवढं तरी करू द्या मला."

तोमासानं हात पुढं केला. शिंपलीपर्यंत नेला आणि भुकटीला न शिवता मागं घेतला. मग वाकून टोपली उचलली आणि म्हणाली,

"नको, पोरी. तुझा आवाज गोड आहे, तुला नाही जमायचं. ती दाराआड बसली होती तोवर मी ओढ्याकडून गेले. आता आत कुका नाही, मग ही चोरी कसली? हे नुसतं नेणं झालं, आणि नुसतं नेलेलं माझ्या घरात लागत नाही."