मिशन बंगल्यातल्या चौदा खोल्या

सदर भागातल्या आमच्या चर्चच्या आवारात चौदा खोल्यांचा मिशन बंगला होता आणि त्यात कोणीच राहत नव्हतं. शेवटचे गोरे मिशनरी मायदेशी गेले, तेव्हा चर्चच्या कमिटीनं त्याला कुलूप लावलं. आवाराच्या भिंतीपलीकडे, भाड्याच्या एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो: मी, धाकटा भाऊ आणि दवाखान्यात नर्स असलेली विधवा आई.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कमिटीनं ठराव केला की बंगल्याच्या खोल्या गरिबांना स्वस्त भाड्यानं द्यायच्या. ठराव एकमतानं झाला. मग गरीब कोणाला म्हणायचं, यावर दोन वर्षं बैठका चालल्या. चहाबरोबर खारी असे. मी टायपिंग शिकत होते, म्हणून इतिवृत्त टाइप करायचा मान मला मिळाला. 'गरीब' हा शब्द मी इतक्यांदा बडवला की बोटांना तो पाठ झाला.

शेवटी अर्जदारांना बोलावणं आलं. आई कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून गेली. सेक्रेटरी रेल्वेतून निवृत्त झालेले साहेब होते. ते आईला न्याहाळून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे बघून गरज काही दिसत नाही."

"गरीब आहो साहेब, मळकट नाही," आई म्हणाली.

अर्ज विचाराधीन राहिला.

त्याच हिवाळ्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि वर्ष संपायच्या आत खोली रिकामी करा, असा निरोप आला. नाताळच्या सकाळी पाळकसाहेबांनी मरिया-योसेफाला बाळ जन्मायच्या रात्री उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा मिळाली नाही, हे इतक्या कळवळ्यानं सांगितलं की सेक्रेटरींनी चष्मा पुसला. घरी आल्यावर आई म्हणाली, "ट्रंक काढ वं."

"काहून? कुठं चाललो?"

"सकाळी काय सांगून राहिले होते पाळकसाहेब? ऐकलं नाही तू?"

दुपारी आमचं सामान बंगल्याच्या व्हरांड्यात होतं. सेक्रेटरी धावत आले. "हे बेकायदेशीर आहे!"

"मग पोलिसाईले बोलवा. आज सगळी मंडळी आवारातच आहे, तेही पाहतीन," असं म्हणून आईनं स्टोव्ह पेटवला.

मागून पाळकसाहेब आले. स्वतःच्या बुटांकडे बघत हळूच म्हणाले, "किल्ली आणा."

किल्ली सापडली, पण कुलूप गंजलेलं. ते शेवटी फोडावं लागलं.

पुढच्या बैठकीचं इतिवृत्तही मीच टाइप केलं: कमिटीच्या अथक प्रयत्नांनी गृहयोजनेचं नाताळच्या शुभदिनी उद्घाटन झालं. उन्हाळ्यापर्यंत सगळ्या खोल्या भरल्या. त्यांतली तीन कुटुंबं सेक्रेटरींच्या नात्यातली होती. त्यांची गरज बघताक्षणीच पटली.

आम्हाला कोपऱ्यातली खोली मिळाली. छत एवढं उंच की पहिले कित्येक दिवस आम्ही तिघं कुजबुजतच बोलत होतो.