मंडळानं काढलेली माझी जन्मवेळ

माझ्या जन्माची वेळ कुणालाच माहीत नाही. आई एवढंच सांगायची की गुरं रानात सोडायच्या सुमारास झालीस. घरात घड्याळ नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं, पण त्या वेळेवाचून माझं कधी काही अडलं नाही. अडलं ते माझ्या नवऱ्याच्या ज्योतिष मंडळाचं.

हे मंडळ धाड गावच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात सुरू झालं. शिंपीदादा, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि आमचे हे. हे तेव्हा एसटीत कंडक्टर होते. बाजाराच्या दिवशी कपडे शिवायला आलेली माणसं पोरांच्या पत्रिकाही दाखवायची. माणसं वाढली तशी दुकानात पाय ठेवायला जागा उरेना, म्हणून मंडळ आमच्या घरातल्या समोरच्या खोलीत आलं आणि तिथंच राहिलं. दारावर पाटी लागली. पाडव्याला पंचांग वाचतात, लग्नाच्या पत्रिका जुळवून देतात, पाऊस कधी पडणार यावर हमरीतुमरीवर येतात. महिन्यातून एका रविवारी बैठक. त्या दिवशी मी पडद्याच्या आत. चहाचा ट्रे उंबऱ्याशी ठेवते, हे उचलून नेतात. इतक्या वर्षांत त्यातल्या कुणाच्या तोंडाकडं मी नीट पाहिलेलं नाही.

मंडळाची एक रीत आहे. ज्याची जन्मवेळ माहीत नाही अशा एका माणसाची वेळ वर्षातून एकदा सगळे मिळून काढतात. आयुष्यात काय काय घडलं ते घरचा माणूस फळ्यावर लिहितो. लग्न, आजारपण, घर बांधलं, आईवडील गेले. मग त्यावरून उलटं मोजत जन्मापर्यंत जातात. यंदा यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं.

आदल्या दिवशी भाकरी थापताना मी म्हटलं, "अहो, बाकी काय सांगायचं ते सांगा. पहिल्या लेकराचं तेवढं नका सांगू."

"काऊन? तेच तर सगळ्यात मोठं घडलं तुह्या आयुष्यात."

"म्हणूनच. चहा पेता पेता त्याचा विषय नको."

"बरं बाई, नाही काढत."

रविवारी मी पडद्याआड लसूण सोलत बसले होते. जन्मलग्नाची रास कोणती, यावरून बाहेर दोन तट पडलेले.

"कन्या लग्न हाय, लिहून घ्या," गुरुजी म्हणाले.

"कन्या? गुरुजी, वहिनी किती मुकाट! कन्यावाली बाई असती तं तुमच्या चहात धा चुका काढल्या असत्या," शिंपीदादांचा आवाज. "तूळच हाय."

"तुह्यी बायको कोणत्या लग्नाची हाय बे? मंडळ सुटलं तरी तू घरी जायाले भेतो," गुरुजी म्हणाले.

सगळे हसले. मलाही थोडं हसू आलं. तासभर झाला तरी कन्या का तूळ ते ठरेना. तेव्हा गुरुजी म्हणाले, "आता संततीवर पाहू. पहिली पोरगीच ना?"

माझे हात थांबले. आता हे 'हो' म्हणतील, असं वाटलं. एवढंच तर म्हणायचं होतं.

"नाही गुरुजी. आधी पोरगा होता. तीन महिन्यांचा होऊन गेला."

"गेला तो महिना कोणता?"

"आषाढ."

फळ्यावर खडू वाजला. जरा वेळानं शिंपीदादाच ओरडले, "अरे बसलं! दशा बरोबर आषाढातच बदलून राह्यली! कन्याच!"

"मी काय म्हणत होतो!" गुरुजी. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "भाऊ, पेढे पाह्यजेत आता."

आषाढ नव्हता तो. भाद्रपद होता. गौरी-महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. भाज्या चिरून ठेवल्या होत्या, पुरण चुलीवर होतं. सूतक लागलं, तशा महालक्ष्म्या न जेवताच उठल्या. मुखवटे शेजारच्या काकूंनी उतरवून पेटीत ठेवले, आणि आम्हाला शिवायचं नसतं हे विसरून पेटीची कडी यांनीच लावली. ती कडी लावल्याचा आवाज मला अजून येतो. आणि हे म्हणतात, आषाढ.

मी ट्रे उंबऱ्याशी नेला नाही. हे आत आले.

"चहा राह्यला ना वं."

"तुम्ही नाही काढत म्हटलं होतं."

"अवं, सगळं तिथंच अडलं होतं. त्याच्यानंच तं तुही वेळ निघाली."

"मले पाह्यजे होती का वेळ?"

त्यांनी आटलेल्या चहात पाणी ओतून स्वतःच गाळला आणि घेऊन गेले.

आता माझी पत्रिका समोरच्या खोलीत भिंतीला लावली आहे. नवीन माणूस आला की हे तिच्याकडं बोट करून सांगतात, मंडळाचं सगळ्यात चोख काम ते. मला ते चुकलेलं माहीत आहे, पण बोलायची सोय नाही. भाद्रपद म्हटलं की फळा पुसतील आणि पुन्हा त्यालाच वर लिहितील. कोणती तिथी, सकाळ का संध्याकाळ, हे गुरुजी पडद्यातून विचारतील. त्याला एकदा नेलं तेवढं पुरे झालं. म्हणून कन्या तर कन्या. गुरुजी त्यावरून माझं भविष्य सांगतात, मी आतून "हो" म्हणते आणि मनात जळते.

यंदा महालक्ष्म्यांना यांनी नेहमीसारखी माळ्यावरून पेटी काढून दिली. कडीशी खटपट करत म्हणाले, "जाम झाली वं. तेल टाका लागते."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले, काही आठवतं का म्हणून. ते तेल आणायला गेले. मी जोर लावून कडी काढली.