उताणा की पालथा

कामावर पुन्हा रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी घरात पाऊल टाकते आहे तोच बाळाला सांभाळणाऱ्या सरूमावशी हसत पुढे आल्या. "ताई, आज आपला सोन्या उताणा पडला! स्वतःहून!"

"उताणा नाही हो, पालथा," मी म्हटलं. "पाठ खाली असली की उताणा, पोट खाली असलं की पालथा."

शब्द बरोबर होता, पण आवाज माझा मलाच परका वाटला. मावशी ओशाळल्या. "तेच ते. पण मान अशी वर धरली आणि हसला, काय सांगू!"

मला बोचला होता तो त्यांचा 'आपला', आणि ते हसू. इतके महिने मी तो वळण्याची वाट पाहिली आणि त्यानं नेमकी मी ऑफिसात असतानाची दुपार निवडली. जवळ दुसरं काही उरलं नाही की माणसाला शुद्ध भाषा फार लवकर सुचते.

मी साडीनिशी सतरंजीवर त्याच्या शेजारी पालथी पडले. खुळखुळा वाजवला, लाडाच्या हाका मारल्या. तो आपला उताणाच, छताकडे बघत पाय उडवत राहिला.

"येते हं मी," मावशी दारातून म्हणाल्या.

त्या आवाजासरशी त्यानं अंग वळवलं, पोटाखाली अडकलेला हात सोडवला आणि मान उचलून दाराकडे पाहिलं. तो हसला असणार. मला फक्त त्याची पाठ दिसत होती.